बागेचे प्रहर आणि आपले ललित वाङ्मय

मराठी कथा-कादंबरीत बाग पुष्कळदा येते. परंतु ती येते तेव्हा बहुधा संध्याकाळ झालेली असते. दिवेलागणीस थोडा अवकाश आहे, बाकावर कोणी एकटा वा दुकटा बसला आहे, दूर मुले खेळत आहेत आणि पश्चिमेचे रंग उतरू लागले आहेत, एवढे साहित्य जमले की लेखकाचे काम सुरू होते. त्याच बागेत पहाटे साडेपाचला कोण होते, दुपारी दीड वाजता कोण झोपले होते, शाळा सुटण्यापूर्वीच्या तासाभरात तेथील झोपाळे कसे रिकामे लोंबत होते, याची वाचकास गंधवार्ताही नसते. प्रस्तुत लेखात आम्हांस या एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु सार्वजनिक स्थळाच्या बाबतीत वेळेची निवड म्हणजेच पात्रांची निवड होय. संध्याकाळ निवडली की एक समाज कथेत येतो आणि तीन-चार समाज बाहेर राहतात. हे बाहेर राहणे आपल्या वाङ्मयात इतके नियमित झाले आहे की, त्यास आता योगायोग म्हणता येणार नाही.

काचीगुडा परिसरातील मराठी वाचकास हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. येथील रेल्वे स्थानकाची घुमटांची इमारत १९१६ ची. मनमाडहून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड अशी वस्ती गोळा करीत येणारा मीटरगेज मार्ग दीर्घकाळ या स्थानकाशी जोडलेला होता, आणि त्या मार्गाने आलेली कितीतरी मराठी कुटुंबे स्थानकाच्या आसपासच स्थिरावली. या वस्तीभोवती बागांची नावे विपुल आहेत: बागलिंगमपल्ली, बाग अंबरपेठ, जामबाग, बशीरबाग. १९०७ मध्ये स्थापन झालेली आपली विवेकवर्धिनी संस्था जामबागेतच आहे. तथापि या नावांतील बागा केव्हाच घरांखाली गेल्या. 'बाग' हा शब्द पत्त्यात उरला. आज ज्यास खरोखर बाग म्हणता येईल अशी जागा हवी असल्यास काचीगुड्याच्या रहिवाशास बागलिंगमपल्लीतील सुंदरय्या पार्क गाठावे लागते, दोमलगुड्याचे इंदिरा पार्क गाठावे लागते, अथवा हाताशी वेळ असेल तर नामपल्लीची बाग-ए-आम. यांपैकी बाग-ए-आम सर्वांत जुनी, १८४६ ची. तिच्या नावातील 'आम' म्हणजे सामान्य जन. आंब्याशी त्याचा संबंध नाही, हे नव्याने आलेल्या पाहुण्यास प्रत्येक वेळी समजावून द्यावे लागते. इंदिरा पार्क १९७८ मध्ये लोकांस खुले झाले. त्याचा विस्तार सुमारे ७६ एकर आहे. नकाशावर या तीन बागा आहेत. घड्याळाच्या हिशेबाने मोजू गेल्यास त्यांची संख्या दहा-बारा तरी भरेल.

पहाटेची बाग ही प्रौढांची बाग होय. दार उघडण्यापूर्वीच काही मंडळी बाहेर उभी असतात. निवृत्त कारकून, शिक्षक, रेल्वेतील नोकर, दुकान उघडण्यापूर्वी तासभर काढणारे व्यापारी. पायांत बूट, डोक्यास लोकरी टोपी, आणि सर्व एकाच दिशेने फेऱ्या घालणारे. संभाषणाचे विषय ठरलेले: रक्तातील साखर, परदेशी गेलेले चिरंजीव, आणि नळाचे पाणी. दाराबाहेर कारल्याचा रस, मोड आलेली कडधान्ये, नाचणीची आंबील विकणारे उभे असतात. नऊ वाजले की हा सगळा मेळा विरतो आणि बाग झाडणाऱ्या स्त्रियांच्या ताब्यात जाते. पाला गोळा करून झाला की त्या झाडाखाली डबे सोडतात. बागेत काम करणारा आणि बागेत बसणारा हे दोन वर्ग एरवी भिन्न असतात. दिवसातील हा अर्धा तास असा की ज्यात काम करणारेच बसलेले असतात.

दुपारची बाग याहून निराळी. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, आणि शहरात फुकट मिळणारी सावली फार थोडी. चिक्कडपल्लीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि अशोकनगरच्या शिकवणीवर्गांत स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारे, तेलंगणाच्या खेड्यांतून आलेले तरुण पुस्तके घेऊन येथे येतात. त्यांच्या खोल्या इतक्या लहान की वाचावयास झाडच बरे. घरोघर जेवण पोचविणारी मुले दुचाकी भिंतीशी लावून पंधरा मिनिटे आडवी होतात. गावाकडून रुग्णास घेऊन आलेले, कचेरीत खेटा घालून साहेबाची वाट पाहणारे, काम न मिळालेले मजूर, आणि ज्यांस एकमेकांशी बोलावयास अन्यत्र कोठेही जागा नाही असे तरुण-तरुणी. या सर्वांत समान काही असेल तर ते हे की, यांपैकी कोणीही बागेत 'फिरावयास' आलेला नसतो. पुढे चार वाजता मुलांसमवेत आया व आज्या येतात, मिरची-भज्यांच्या व कणसांच्या गाड्या लागतात, दिवे लागतात. आणि मग येते ती संध्याकाळ, जी आपण कथांतून शेकडो वेळा वाचली आहे. दार बंद झाल्यावर भिंतीच्या बाहेरच्या अंगास पथारी टाकणारेही बागेचेच रहिवासी. मात्र ते बागेच्या आत कधी गेलेले नसतात.

या ये-जा करण्यामागे एक कारणपरंपरा आहे, आणि ती जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महानगरांविषयीच्या आपल्या ग्रंथात फार नेमकेपणाने दाखविली आहे. फिलाडेल्फिया शहरातील रिटनहाउस चौकाच्या उद्यानात सकाळपासून रात्रीपर्यंत क्रमाक्रमाने कोण येते याची ती नोंद करते: प्रथम जवळपास राहणारे पहाटेचे फिरणारे, मग कामावर जाताना बाग ओलांडणारे, मग मुलांसह आया, खरेदीस आलेल्या स्त्रिया, दुपारच्या सुटीतले नोकरदार. त्याच शहरातील दुसऱ्या एका चौकाभोवती केवळ कचेऱ्या होत्या. तेथील बाग जेवणाच्या सुटीपुरती भरे आणि उरलेला दिवस ओस पडे. जेकब्सचा निष्कर्ष असा की, बागेचे चैतन्य बागेत नसते. भोवतीच्या वस्तीतील लोक किती भिन्न भिन्न वेळापत्रकांनी जगतात यावर ते अवलंबून असते. काचीगुड्यास हे तंतोतंत लागू पडते. स्थानक, शाळा, किराणा व्यापार, शिकवणीवर्ग, जुने वाडे आणि नव्या सदनिका जेथे एकमेकांस चिकटून आहेत, तेथील बागेस कोणताही प्रहर मोकळा राहू शकत नाही. जेकब्सने नगररचनाकारांस जो धडा दिला तो कथाकारांनीही वाचावयास हरकत नाही. कारण वेळापत्रकांची भिन्नता हे कथेचेही भांडवल आहे.

आता प्रश्न असा की मराठी लेखणी संध्याकाळीच का उचलली जाते? दिवसाच्या प्रहरांची जाण आपल्या भाषेस नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. किंबहुना जुने मराठी वाङ्मय घड्याळाबरहुकूम चालणारे होते. पहाटे काकड आरती आणि भूपाळी, रात्री शेजारती. आणि या देवळातील वेळापत्रकाहूनही प्राचीन अशी जात्यावरची ओवी. ओवी ही पहाटेची कविता आहे, आणि ती पहाटेची आहे याचे कारण ती रचणाऱ्या स्त्रीचा कामाचा दिवस त्या वेळी सुरू होई. तिच्या हातात श्रम आणि तोंडी काव्य एकाच वेळी असे. अर्थात जुन्या वाङ्मयात वेळ ठरविणारे दोघे होते, देव आणि काम. कथा-कादंबरीच्या नव्या गद्यात ही सत्ता तिसऱ्याच एका गोष्टीकडे गेली. ती म्हणजे कचेरी. आमच्या मते आधुनिक मराठी ललित गद्याची वेळ ही कचेरी सुटल्यानंतरची वेळ आहे. लिहिणारा शिक्षक, कारकून, प्राध्यापक अथवा संपादक; तो साडेपाचला मोकळा होई, घरी जाण्यापूर्वी अथवा चहा घेऊन तो फिरावयास निघे, आणि जे जग त्यास त्या दीड तासात दिसे तेच त्याच्या वाङ्मयाचे जग होई. त्यास दुपारची बाग दिसली नाही, कारण दुपारी तो मेजाशी होता.

फडके-खांडेकरांच्या काळातील लघुनिबंध घ्या. त्याचा लेखक हा जातीचा फिरणारा आहे. फिरावयास जाणे हा त्या वाङ्मयप्रकाराचा जणू राजमार्गच होता. वाटेत एखादी क्षुल्लक वस्तू दिसावी आणि तीवरून मन मोकळे सोडावे. फडक्यांच्या कादंबरीतील प्रेमिकांनाही फिरावयास जाण्याची मुभा आणि सवड दोन्ही असतात. पुढे नवकथा आली. तिने घटनेची चौकट मोडली, मनाच्या तळाशी ती उतरली, माणूस बाहेरून दिसतो तसा आतून नसतो हे तिने दाखविले. परंतु बागेपुरते बोलावयाचे तर नवकथेने संध्याकाळ उदास केली, वेळ बदलली नाही. बाकावर पूर्वी प्रेमिक बसत, आता एकाकी मनुष्य बसू लागला. तो येई मात्र त्याच सुमारास. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये 'रात्रीचा दिवस' लिहून काळाचा प्रवाह हाच कादंबरीचा विषय करून दाखविला होता. त्यांच्या त्या प्रयोगाचे अनुकरण मनाच्या बाबतीत झाले, शहराच्या बाबतीत होऊ शकले नाही.

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. झाडाकडे, पाखराकडे, मातीच्या रंगाकडे इतक्या सूक्ष्मतेने पाहणारे दुसरे पुस्तक आपल्याकडे क्वचितच सापडेल. चैत्रातली पालवी आणि भाद्रपदातली हिरवाई यांतील अंतर त्यांनी आपल्यास डोळ्यांनी पाहावयास शिकविले. मात्र त्यांचे घड्याळ महिन्यांचे आहे. झाड वर्षभर काय करते ते आपल्यास त्यांच्यामुळे कळले. त्या झाडाखाली दिवसभर कोण कोण बसून जाते, ते लिहिणारे कोणी निघाले नाही. विंदांच्या 'राणीची बाग' या १९६१ च्या बालकवितासंग्रहाचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे, कारण मुंबईची ती प्राण्यांची बाग त्यांनी मुलांच्या मालकीची करून टाकली. पण मुलांची बाग ही सुटीच्या दिवसाची बाग असते. तिला वारच असतो, प्रहर नसतो.

अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. मुंबईच्या गिरण्यांतील पाळीने मराठी कवितेचे वेळापत्रक प्रथम विस्कटले. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ मध्ये आले, नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये; ज्या वेळेस पांढरपेशा लेखक झोपलेला असे त्या वेळेचे शहर या दोघांमुळे मराठीत शिरले. रात्र अशा रीतीने लिहिली गेली. परंतु रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार कोठे, हा प्रश्न त्यातूनच निघतो, आणि त्याचे उत्तर कित्येकदा बाग हेच असते. हे उत्तर मात्र कवितेने फारसे दिले नाही. अरुण कोलटकरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काळा घोडा परिसरावरील काव्यग्रंथात एका वाहतूक-बेटाभोवतीची सकाळ, कचेऱ्या उघडण्यापूर्वीची, तेथील कुत्र्यासह आणि इडली खाणाऱ्या रस्त्यावरच्या माणसांसह, प्रहराप्रहराने नोंदवून ठेवली. सार्वजनिक स्थळाचा एक प्रहर किती मोठी कविता पेलू शकतो याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. दुर्दैवाने म्हणा वा कसेही म्हणा, आपल्या या द्विभाषिक कवीने ती सकाळ इंग्रजीत लिहिली.

इंग्रजी वाङ्मयात बागेच्या वेळेचा उपयोग कथेच्या रचनेसाठी कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'क्यू गार्डन्स' या १९१९ च्या कथेत नायक कोणी नाही. जुलै महिन्यातील फुलांचा एक ताटवा आहे, त्यात वाट काढणारी एक गोगलगाय आहे, आणि त्याजवळून माणसांच्या जोड्या बोलत बोलत निघून जातात. लेखिका बागेच्या जागी बसून राहते; पात्रे येतात आणि जातात. मराठी कथेत नेमके उलट होते: लेखक पात्राबरोबर बागेत येतो आणि पात्राबरोबरच निघून जातो, त्यामुळे त्यास त्या पात्राची वेळ तेवढी दिसते. वुल्फ यांच्याच 'मिसेस डॅलोवे' या १९२५ च्या कादंबरीत रीजंट्स पार्कमध्ये दुपार होण्याच्या सुमारास पीटर वॉल्श बाकावर झोपून उठतो आणि एका त्रस्त तरुण जोडप्यासमोरून जातो. त्यास वाटते, प्रेमिकांचा रुसवा चालला आहे. वाचकास मात्र ठाऊक असते की त्यांतील नवऱ्याचे मन युद्धाने उद्ध्वस्त झालेले आहे आणि बायको परक्या देशात एकाकी आहे. बागेतल्या दोन बाकांमधील अंतर किती असते हे दाखवावयास याहून अधिक काय लिहावे? कॅथरीन मॅन्सफिल्डची 'मिस ब्रिल' आमच्या वाचकांपैकी अनेकांनी वर्गात शिकविली असेल. रविवारचा वाद्यवृंद, ठरलेला बाक, आणि 'आपणही या नाटकातले एक पात्र आहोत' असे मानणारी एकटी शिक्षिका. शेजारच्या तरुण जोडप्याचे दोन शब्द तिच्या कानी पडतात आणि तिची ती समजूत तेथल्या तेथे संपते. येथे शोकांतिका घडते ती दोन वयांनी एकाच वेळेस एकाच बाकावर हक्क सांगितल्यामुळे.

हा हक्काचा प्रश्न केवळ कथेपुरता नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदिरा पार्कच्या दारावर, अविवाहित जोडप्यांस आत प्रवेश नाही, अशा आशयाचा फलक लावण्यात आला. नागरिकांकडून टीका झाली, फलक उतरविण्यात आला, आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी दिलगिरी व्यक्त केली. घटना थोडक्या दिवसांत संपली. परंतु अभ्यासकाने तीकडे नीट पाहावे. फलकात वेळेचा उल्लेख नव्हता, पण त्याचा रोख एका विशिष्ट वेळेवर होता. पहाटे बागेत फेऱ्या घालणाऱ्या जोडप्यास विवाहाचा पुरावा कोणी विचारीत नाही. संध्याकाळी ओळखीचे डोळे इतके असतात की ज्यांस लपावयाचे ते तेव्हा येतच नाहीत. प्रेमिक येतात ते दुपारी, कारण दुपारी बाग ओळखीच्या माणसांनी रिकामी असते. म्हणून तो फलक वस्तुतः दुपारविरुद्ध होता. अनेक नगरांत बागा दुपारी काही तास बंद ठेवण्याची पद्धत आहे. कारण देखभालीचे सांगितले जाते, आणि ते खोटे असतेच असे नाही. तथापि झाडांस पाणी घालण्यासाठी नेमकी सावलीची गरज असणाऱ्यांची वेळ निवडली जाते, यावरून ती बाग कोणाच्या सवडीने चालते हे दिसून येते.

याच इंदिरा पार्कलगतचा रस्ता धरणे आणि निदर्शने यांचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. २०१७ मध्ये हे ठिकाण शहराबाहेर हलविण्याचा प्रयत्न झाला, त्यावरून मे महिन्यात तेथे संघर्ष झाला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तेथे पुन्हा निदर्शनांस वाट मोकळी करून दिली. त्या वादात रहिवाशांना आणि बागेत फिरणाऱ्यांना होणारा त्रास हे एक कारण पुढे करण्यात आले होते. आम्ही येथे कोणाची बाजू घेऊ इच्छीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पहाटेच्या बागेस स्वतःचा आवाज असतो, संघटना असते, निवेदन लिहिता येते. दुपारच्या बागेस यांतले काहीही नसते. ज्यास संघटना नाही त्याची दखल घेणे हे पूर्वीपासून वाङ्मयाचे काम समजले गेले आहे.

उर्दूने ही दखल घेतली. याच हैदराबादचे कवी मख़्दूम मोहिउद्दीन यांच्या 'चारागर' या कवितेत चमेलीच्या मांडवाखालचे दोन जीव आहेत. कवी त्यांना दिवसा पाहतो आणि रात्रीही पाहतो. देवळाची दारे आणि मशिदीचे मनोरे त्यांचे साक्षीदार आहेत. आणि शेवटी तो वैद्यास त्यांच्या दुखण्यावर औषध विचारतो. तेथे कोणताही प्रहर त्यांच्यासाठी निषिद्ध नाही. आपल्या मराठी कवितेत दोन जीव पुष्कळ आहेत, पण बालकवींच्या 'फुलराणी'पासून त्यांना लग्नाच्या पहाटेकडे नेण्याची आपल्यास घाई असते. बालकवींची ती संध्याकाळ-रात्र-पहाट अनुपम आहे याविषयी वाद नाही. मात्र ती कुरणावरची आहे. शहरातल्या बागेत संध्याकाळ आणि पहाट यांच्या मध्ये दाराला कुलूप असते.

स्त्रियांच्या बाबतीत हा विचार अधिक काटेकोर करावा लागेल. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये जे इंग्रजी पुस्तक लिहिले त्याचे मुख्य म्हणणे असे की, सार्वजनिक जागी स्त्री असते तेव्हा तिला तेथे असण्याचे कारण दाखवावे लागते. निष्कारण रेंगाळण्याचा अधिकार पुरुषास मिळतो, तिला नाही. बागेत हे प्रहरागणिक दिसते. पहाटे तिच्या पायांतले बूट हे कारण असते, संध्याकाळी तिचे मूल हे कारण असते. दुपारी एखादी स्त्री पुस्तक मिटून नुसती बसली असेल, तर तिच्याजवळ कारण नसते; म्हणूनच ती बहुधा तेथे नसते. आमच्या लेखिकांनी दुपार लिहिली आहे, आणि उत्तम लिहिली आहे. पण ती घरातली, दार लोटून घेतलेली दुपार आहे. झाडाखाली डबे सोडणाऱ्या त्या झाडूवाल्या स्त्रियांच्या अर्ध्या तासाकडे अद्याप कोणाचे लक्ष जावयाचे आहे.

पहाटेच्या बागेविषयी आमची तक्रार याहून निराळी आहे. ती आपल्या वाङ्मयात येते, पण थट्टेस पात्र म्हणून. हास्यमंडळाचेच पाहा. ही कल्पना मुंबईतच १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी एका उद्यानात चार-पाच माणसांस घेऊन सुरू केली आणि ती पाहता पाहता देशोदेशी गेली. विनोदी लेखकांस आयते साहित्य मिळाले: हात वर करून खोटे हसणारे वृद्ध. परंतु माणसांस एकत्र हसण्यासाठी सकाळी सहाला वेळ ठरवून जमावे लागते, यात गंभीर असे काही आहे, हे ओळखणारी कथा आमच्या वाचनात आलेली नाही. जयवंत दळवींनी 'संध्याछाया'त वृद्ध जोडप्याचे घरातले एकटेपण रंगभूमीवर आणले. तेच एकटेपण सकाळी बूट घालून बागेत आले की विनोद होते, हा आपल्या रुचीचा दोष म्हणावयाचा की सवयीचा?

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. वाङ्मय म्हणजे खानेसुमारी नव्हे. बागेतील प्रत्येक मनुष्यास कथेत जागा देण्याचे बंधन लेखकावर कोणी घालावे? आक्षेप रास्त आहे, आणि प्रातिनिधिकतेची मागणी आम्हीही करीत नाही. आम्ही म्हणतो ते कलेच्या अंगाने. एकाच बाकावर सकाळी निवृत्त मास्तर बसतात, दुपारी त्यांच्याच एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला मुलगा बसतो, संध्याकाळी त्यांची सून नातवास घेऊन येते. आणि हे तिघे तेथे कधीही एकमेकांस भेटत नाहीत. ही रचना जीवनाने सिद्ध करून ठेवलेली आहे. आमच्या कथेस भेटीची इतकी सवय जडली आहे की, न भेटण्यातले नाट्य तिला दिसेनासे झाले आहे. संध्याकाळ लेखकांस प्रिय होण्याचे तेही एक कारण असावे: भेटी संध्याकाळी होतात.

काचीगुड्यातील लेखकापुढे यात आणखी एक अडचण आहे, आणि ती आम्ही हलकी समजत नाही. ती भाषेची. पहाटेच्या फेऱ्यांत तेलुगू आणि मारवाडी, मधूनच नांदेडकडची मराठी. दुपारी झाडाखाली वरंगळ-नलगोंड्याची तेलुगू आणि तिच्यात परीक्षेची इंग्रजी. गाडीवाल्याशी घासाघीस सर्वांची दखनीत. मराठी कथा लिहिताना या संवादांचे काय करावयाचे? सगळ्यांस पुणेरी प्रमाणभाषेत बोलावयास लावले तर बाग पुण्यास जाते. दखनी जशीच्या तशी ठेवली तर पुण्याचा वाचक अडखळतो आणि संपादक टीपा मागतात. आपल्याकडील पुष्कळ होतकरू लेखकांनी ही अडचण टाळण्यासाठी पात्रांस घरात बसविले, आणि घरात सर्व मराठी बोलतात म्हणून कथा सुरळीत पार पडली. आम्हांस वाटते, प्रारंभ उलट्या टोकाने करून पाहावा: मराठी कुटुंबातील एकच पात्र घ्यावे, त्यास दुपारी दोन वाजता सुंदरय्या पार्कच्या बाकावर बसवावे, आणि त्याच्या कानी जे पडते त्यातले त्यास जेवढे कळते तेवढेच लिहावे. उरलेले न कळलेले राहू द्यावे. शेजारच्या बाकावर परीक्षेचे पुस्तक पालथे घालून झोपलेल्या मुलाचे नावही त्यास कळण्याचे कारण नाही.